तंटामुक्त टाकी

नानांकडे गेलं की चहाच्या आधी कज्जा ऐकावा लागतो. "बरं झालं आलात. काल रात्रीपासून डावीकडच्या खडकाचा वाद पुन्हा उकरून निघालाय," असं म्हणत ते आपल्याला दिवाणखान्यातल्या चार फुटी टाकीसमोर बसवतात. मग कोण कुणाच्या हद्दीत शिरलं, कुणी कुणाची शेपटी कुरतडली, कुणाची वहिवाट जुनी आणि कुणाची निव्वळ घुसखोरी, हे साग्रसंगीत सुरू होतं. अशा वेळी पाहुण्याच्या तोंडून चुकून "किती गोड मासे आहेत हो!" असं निघालंच, तर नाना चष्मा काढून पुसायला घेतात. गोड हे विशेषण त्यांना पाण्यापुरतंच मान्य आहे.

नाना भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागले आणि निमतानदार म्हणून निवृत्त झाले. उभी नोकरी दुसऱ्यांच्या बांधांवर गेली. साखळी आणि मोजणीचा फळा घेऊन सुरुवात केली, ईटीएस यंत्र येईपर्यंत टिकले, आणि एवढ्या काळात जे पाहिलं ते एकच: सख्खे भाऊ, मधे वीतभर माती, आणि दोन्हीकडे कुऱ्हाडी. असा माणूस निवृत्तीनंतर भजनी मंडळात जाईल, बोन्साय करील, फार तर गोल्डफिश पाळील. नानांनी सिक्लिड पाळले.

"सवय सुटत नाही हो यांची," काकू म्हणतात. "पूर्वी भांडणं बघायला एसटीने तालुक्याला जायचे, आता घरीच आणून ठेवलीत."

सेवानिवृत्त झालेली पण कार्यमुक्त न झालेली अशी माणसं आपल्याकडे सोसायटी-सोसायटीत आहेत. बँकेतला माणूस गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं तपासतो, हेडमास्तर नोटीस बोर्डावरचे ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने दुरुस्त करतात. नानांना मोजायला जमीन उरली नव्हती. त्यांनी काचेच्या पेटीत ती तयार केली आणि तिच्यावर हक्क सांगायला आफ्रिकेतून पक्षकार बोलावले.

सिक्लिडांचं घराणं अवाढव्य आहे. आफ्रिकेतली मोठी तळी, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या नद्या, थोडे आपल्याकडे. दुकानातला ऑस्कर सिक्लिड, देखणा एंजल सिक्लिड, हजारो रुपयांचा डिस्कस सिक्लिड, आणि मंडईत ढिगाने मिळणारी चिलापीही सिक्लिडच. रूप, आकार, भाव यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण बहुतेकांना एक खोड सारखी, जागेची. बाकीचे मासे पाण्यात राहतात, सिक्लिड पत्त्यावर राहतो. हे वाक्य नानांचं आहे. ते ऐकवल्यावर ते थोडे थांबतात, लिहून घ्यायला वेळ मिळावा म्हणून.

मागच्या पावसाळ्यात सी विंगमधलं नवं जोडपं त्यांच्याकडे सल्ला मागायला आलं, तेव्हा मी तिथेच होतो. मुलाच्या हातात मोबाइल, मोबाइलात यादी. "नाना, आम्हालाही तुमच्यासारखीच मध्यम टाकी घ्यायचीये. मासे तेवढे सुचवा. प्रत्येक रंगाचा एकेक, असं डोक्यात आहे."

"लांबी-रुंदी?"

"चार फूट, दीड फूट. उंची पण दीड."

"उंची मोजणीत धरत नाहीत," नाना म्हणाले. "या माशाला तळ लागतो. तुमचा तळ सहा चौरस फूट. एक गुंठा म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. म्हणजे गुंठ्याचा साधारण एकशेऐंशीवा हिस्सा तुमच्याकडे आहे आणि त्यावर तुम्ही खातेदार बसवायला निघालात. तुकडेबंदी कायदा इथे लागत नाही, हे नशीब समजा. हं, वाचा."

मुलगा वाचू लागला, आणि नाना प्रत्येक नावावर लाल पेन्सिलीने हवेत काट मारू लागले.

ऑस्कर. दुकानात दोन इंचांचा दिसतो, वर्षभरात फुटाजवळ जातो. तोंडात जे मावतं त्याला तो अन्न समजतो, आणि तोंड मोठं होत जातं. काट. फ्लॉवरहॉर्न. नव्वदच्या दशकात मलेशियात माणसांनी संकर करून तयार केलेला, डोक्यावर टेंगूळ, ते जितकं मोठं तितकं घरमालकाचं नशीब मोठं म्हणतात. "त्याला टाकीत दुसरं कुणी चालत नाही. टाकीबाहेरचे आपण चालतो असंही नाही, काचेवर बोट ठेवून बघा." काट. पॅरट. हाही संकरच, तैवानचा. बिचाऱ्याचं तोंड धड मिटत नाही, चावायचं म्हटलं तरी पंचाईत. आफ्रिकेवाल्यांत सोडला तर प्रतिवादी होण्यातच आयुष्य जाईल. काट. एंजल. अ‍ॅमेझॉनच्या मऊ, किंचित आंबट पाण्यातला. शिवाय ते लांब लांब पर म्हणजे कुरतडणाऱ्यांना उघड आमंत्रण. काट. सकर. "काच साफ करतो म्हणे," मुलगी आशेने म्हणाली. करतो, लहान असेपर्यंत. मग दीड फूट होतो. तुमच्या टाकीची रुंदी किती? दीड फूट. तो वळणार कुठे?

यादीत शेवटी यलो लॅब आणि डेमसोनी उरले. दोघे मलावी तळ्यातले. तिथल्या स्थानिक बोलीत खडकांत राहणाऱ्या या माशांना म्बुना म्हणतात. पाणी दोघांना एकच लागतं, कठीण आणि अल्कधर्मी, पीएच आठच्या आसपास. खाणंही साधारण सारखं. अंगाने दोघे बेताचे: लॅब चार इंचांचा, डेमसोनी जेमतेम तीन. आणि मुख्य म्हणजे एक लिंबासारखा पिवळा, दुसरा निळ्यावर काळे उभे पट्टे.

"म्हणजे दोनच मासे?" मुलीचा चेहरा पडला.

"दोन जाती. मासे दोन नव्हेत, वीस."

इथे नाना पुढे सरकून बसले. त्यांचा सगळा सिद्धान्त या वाक्यात आहे आणि तो ऐकताना भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. आपली समजूत अशी की भांडकुदळ प्राणी जितके कमी तितकी शांतता जास्त. नाना म्हणतात, उलट. डेमसोनी दोन ठेवा, आठवड्यात एक उरेल. तीन ठेवा, तरी एकच उरेल, थोड्या उशिराने. बारा-पंधरा ठेवा, सगळे जगतील. तळ्यात हरलेल्या माशाला पळून जायला वाट असते. काचेच्या पेटीत हरलेला पुन्हा पुन्हा जिंकलेल्याच्याच समोर येतो. म्हणून दांडगटाला एक शिकार द्यायची नाही, वीस द्यायच्या. एकाच्या मागे धावेपर्यंत दुसरा हद्दीत शिरतो, त्याला हाकलेपर्यंत तिसरा. कुणाचाच कायमचा सूड उगवता येत नाही. शिवाय नर एक आणि माद्या तीन-चार, म्हणजे तिथेही एकीवरच सगळा जाच होत नाही.

"दोन भाऊ आणि एक बांध, तिथे पंचनामा ठरलेला," नाना म्हणाले. "पण पंचवीस हिस्सेदारांच्या सामाईक गटात मी कधी खून पाहिला नाही. नुसती बोंबाबोंब. बोंबाबोंब म्हणजे तब्येत चांगली असल्याची खूण."

हा सिद्धान्त त्यांनी आमच्या सोसायटीलाही लावलाय. चेअरमन साहेबांचा आवाज मोठा, आणि त्यांच्या तोंडी कायम एकटे खजिनदार सापडायचे. नानांनी वार्षिक सभेत चार उपसमित्या सुचवल्या: पाणी, पार्किंग, बाग आणि लिफ्ट. आता चेअरमन सगळ्यांवर थोडे थोडे ओरडतात आणि खजिनदारांचं ब्लडप्रेशर उतरलंय. ही गोष्ट योगायोगाने घडली असं माझं मत आहे. नानांचं तसं नाही.

गर्दीचा खर्च मात्र नाना लपवत नाहीत. वीस मासे म्हणजे वीस जणांची घाण. टाकी साधारण अडीचशे लिटरची असली तरी दगड-वाळू घातल्यावर पाणी त्याहून कमीच बसतं. म्हणून फिल्टर दुकानदार सांगतो त्याच्या दुप्पट ताकदीचा, आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, मग घरात लग्न असो की सुतक. त्याआधी रिकामी टाकी महिनाभर, खरं तर दीड महिना, फिल्टर चालू ठेवून मुरू द्यायची. माशांच्या मलमूत्रातला अमोनिया आधी नायट्राइट होतो, मग नायट्रेट. हे करणारे जिवाणू फिल्टरात वस्तीला येईपर्यंत मासे सोडले तर ते आपल्याच विषात मरतात. मुलाने "दीड महिना?" असं विचारल्यावर नानांनी त्याच्याकडे जी नजर टाकली, ती त्यांनी हजारो अर्जदारांवर टाकून घासून गुळगुळीत केलेली होती. "अति तातडीची मोजणी इथे होत नाही," ते म्हणाले.

दिसण्याबद्दल नाना सगळ्यात कडक. दोन जाती एकमेकींसारख्या दिसत असतील तर एका टाकीत नकोत. डेमसोनीबरोबर दुसरा निळा पट्टेवाला ठेवला की तो त्याला आपला प्रतिस्पर्धी समजतो आणि मग जात-बित कोण विचारतो. पिवळा समोरून गेला तर त्याचं काही वाटत नाही. परक्याशी भांडायला कारण लागतं, भावकीत नातं पुरतं. त्यातून केनयी नावाचा एक मासा तर सरळ फसवणुकीचा गुन्हा आहे. लहानपणी सगळे निळे. मोठे झाले की माद्या निळ्याच राहतात आणि नर पिवळे होतात. "म्हणजे खरेदीखतात वर्णन निळं आणि ताबा घेताना पिवळा," नाना म्हणतात. पिवळा झाल्यावर तो यलो लॅबच्या मुळावर उठतो, हे वेगळंच.

आणि ज्या पिशवीवर 'मिक्स आफ्रिकन' लिहिलंय तिला हात लावायचा नाही. कुणाचे आईबाप कोण याची नोंद नाही, टायटल क्लिअर नाही. डेमसोनीचं मात्र सगळं चोख: टांझानियाच्या बाजूच्या किनाऱ्यावरच्या पोम्बो खडकांतला, १९९४ साली आड कोनिंग्ज यांनी शास्त्रीय नोंद केलेला. मूळ गाव आणि नोंदीचं साल इतकं स्वच्छ असलेला मासा, नानांच्या मते, त्याच्यावर निम्म्याहून अधिक विश्वास टाकावा असा असतो. उरलेला विश्वास चावेपर्यंत राखून ठेवावा.

सी विंगचं जोडपं गेल्यावर काकूंनी चहा आणला. "पोरांना घाबरवलंत," त्या म्हणाल्या. "सांगायचं की, पिवळे सात, निळे पंधरा, तपकिरी ते सहा, एक मिशीवाला. आपल्याकडे आहेत तेच." तपकिरी म्हणजे रस्टी, म्बुनांतला त्यातल्या त्यात समंजस, मिशीवाला म्हणजे सिनोडोन्टिस, रात्री तळ झाडून काढणारा. नानांना तीन तास लागलेलं काम काकूंनी एका वाक्यात उरकलं होतं. काकू टाकीकडे पाठ करून मालिका बघतात असा सर्वांचा समज आहे. खरं तर त्यांच्या खुर्चीसमोरच्या शोकेसच्या काचेत टाकी संबंध दिसते.

एकदा त्याच काचेत बघून त्या म्हणाल्या, "त्या पिवळीने उपास धरलाय." नाना वहीत डोकं घालून बसले होते. उठून बघितलं. एक यलो लॅब खडकाच्या आडोशाला स्थिर उभी होती. दाणे तिच्या नाकावरून गेले, तिने ढुंकून पाहिलं नाही. हनुवटीखाली फुगवटा आलेला, आणि थोड्या थोड्या वेळाने ती तोंडातल्या तोंडात काहीतरी घोळवल्यासारखं करत होती. चूळ भरावी पण टाकू नये, तसं. अंडी होती. या माशांत आई अंडी तोंडात घेते आणि साधारण तीन आठवडे, पिल्लं पोहण्याजोगी होईपर्यंत, तोंडातच सांभाळते. त्या काळात जवळजवळ काही खात नाही. नानांनी लगेच वहीत वारसनोंद केली. काकूंनी त्या दिवशी मालिकेचा आवाज कमी ठेवला, इतकंच.

टाकीतले मासे जवळपास शाकाहारी आहेत ही या घरातली मोठी गंमत. म्बुना खडकावरचं शेवाळ खरवडून खातात, त्यांची आतडी त्यासाठीच लांब. हौसेने ब्लडवर्म, मांस वगैरे चारत राहिलं तर पोट फुगतं आणि मासा जातो. म्हणून नाना स्पिरुलिनाचे दाणे देतात, आणि वाफवलेला पालक, आणि सालं काढलेले मटार. स्वतः मात्र बुधवार-रविवार सुरमई किंवा बांगडा चुकवत नाहीत. पालकाची जुडी आली की काकू विचारतात, "यातली आपल्यासाठी काही आहे की सगळी देवाघरची?" मासे खाताना नानांना संकोच वाटत नाही, कारण सुरमई-बांगडा परक्या घराण्यातले. चिलापी मात्र त्यांनी बंद केली. गोव्याला गेले होते तेव्हा खानावळीत तळलेलं कालुंदर ताटात आलं; कालुंदर म्हणजे आपल्याकडचा मूळचा सिक्लिड, केरळात त्यालाच करीमीन म्हणतात. पहिला घास घेतल्यावर कुणीतरी ही माहिती पुरवली. नाना थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "वाढून आलंय म्हटल्यावर," आणि काट्यासकट साफ केलं. त्याचा उल्लेख टाकीसमोर करायचा नाही, असा घरात नियम आहे.

नानांचा सिद्धान्त एकदाच पुरा उघडा पडला, आणि त्याला कारण झाले त्यांचे मेव्हणे. काकूंचा धाकटा भाऊ नानांच्या वाढदिवसाला साताऱ्याहून आला तो हातात ऑक्सिजन भरलेली पिशवी घेऊन. पिशवीत पिवळ्यावर काळे-पांढरे आडवे पट्टे असलेला एक ऐटबाज मासा. "दुकानदार म्हणाला, एकदम शांत आहे, कुणाशीही जमवून घेतो." नानांनी पिशवी उजेडाकडे धरली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ऑराटस होता. म्बुनांमध्ये दांडगाईची हद्द सांगायची झाली की ज्याचं नाव घेतात, तो. पण आणणारा बायकोचा भाऊ. अशा अर्जावर नामंजूर लिहायची सोय नसते.

त्यांनी वेळ काढायचा प्रयत्न केला. नवा मासा म्हणून तीन आठवडे दोन फुटी टाकीत वेगळा ठेवला, आजार नको यायला. आजार आला नाही. मग नानांनी आपलं शेवटचं अस्त्र काढलं, ज्याला ते एकत्रीकरण योजना म्हणतात. टाकीतले झाडून सगळे दगड बाहेर काढायचे आणि नव्या रचनेत लावायचे, म्हणजे जुन्यांचे ताबेही रद्द आणि नव्याचा काही हक्क नाही. सगळे एका रात्रीत भूमिहीन. दगड मात्र वाळूवर ठेवायचे नाहीत, थेट तळाला टेकवायचे, खाली पातळ थर्माकोल घालून. हे मासे वाळू उपसून दगडाखालचा आधारच काढून घेतात, तो कोसळला तर काच जाते. बांधकोरी तिथेही आहे. रचना झाली, दिवे बंद केले, अंधारात ऑराटस सोडला.

सकाळी सहाला नानांनी दिवा लावला. ऑराटस टाकीच्या ऐन मध्यावर तरंगत होता. उरलेले अठ्ठावीसच्या अठ्ठावीस उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या नळीभोवती एकमेकांना चिकटून. डेमसोनी लॅबच्या पोटाखाली, रस्टी डेमसोनीच्या पाठीवर, कुणाचं कुणाशी काही भांडण नाही. काकू म्हणाल्या, "बघा, एकी झाली." मिशीवाला कुठे दिसेना, तो फिल्टरच्या पाइपमागे उभा होता, शब्दशः उभा. एकजण खाली यायला बघायचा, तशी ती पिवळी रेघ सुईसारखी सरकायची आणि परत सगळे वर.

इथे गर्दीचा उपाय लागू पडत नव्हता, कारण ऑराटस मोजत नव्हता. वीसजणांत हल्ला वाटला जातो खरं, पण हल्ला करणाऱ्याला दमायची सवय असेल तर. नाना दिवसभर वही उघडून बसले आणि वहीत काही लिहिलं नाही. संध्याकाळी भाजी धुवायची प्लॅस्टिकची जाळीदार टोपली झाकण बांधून टाकीत टांगली आणि ऑराटसला त्यात घातला. तडीपारीचा आदेश. आत राहून बाहेरचं सगळं दिसतं, करता काही येत नाही. तेवढ्यात इतरांनी आपापले दगड वाटून घेतले. चार दिवसांनी टोपली उघडली. दुपारपर्यंत अठ्ठावीसजण पुन्हा हीटरपाशी.

शेवटी तो दुकानात परत गेला, बदल्यात स्पिरुलिनाचा डबा आला. खरी अडचण दिवाळीत उभी राहिली. मेव्हणे भाऊबीजेला आले, ताटाला हात लावण्याआधी टाकीसमोर गेले. "आमचा मासा कुठाय, दाजी?"

नाना उठून बाल्कनीत कंदील नीट करायला गेले. काकूंनी शांतपणे एका मोठ्या डेमसोनीकडे बोट दाखवलं. "तो काय. मोठा झाला. नर निघाला ना, रंग बदलला."

ऑराटसचा नर वयात आल्यावर पिवळा सोडून गडद होतो हे शंभर टक्के खरं आहे, आणि ते काकूंना माहीत होतं. मेव्हणे वाकून बघत राहिले. "पट्टे आडवे होते हो, ताई. याचे उभे दिसतायत."

"वयानुसार होतं तसं," काकू म्हणाल्या. "जेवायला बस."

आता पाण्याच्या प्रकरणाकडे येतो, कारण सध्या सोसायटीत नानांचं नाव त्यामुळे गाजतंय. पुण्याच्या आमच्या टोकाला महापालिकेचं पाणी नावाला येतं. बाकी बोअर आणि उन्हाळ्यात टँकर. पाणी इतकं कठीण की नळाच्या तोंडाला पांढरा मुलामा, गिझरची कॉइल वर्षाआड बदली, डाळ शिजता शिजत नाही. शॉवरच्या भोकांतून पाणी चार दिशांना जातं. सगळी सोसायटी या पाण्याला शिव्या घालत असताना एकटे नाना टेस्ट किटची नळी उजेडात धरून प्रसन्न असायचे. मुंबईकडे तलावांचं मऊ पाणी, तिथले सिक्लिडवाले कोरलचा चुरा विकत घेऊन फिल्टरात भरतात. "आपल्याला तेच टँकरवाला घरपोच देतो," नाना म्हणायचे. टँकरवाल्याला दिवाळीचं बक्षीस देणारे आमच्याकडे ते एकटेच.

समितीने सॉफ्टनर बसवायचा ठराव आणला. सभेला एवढी गर्दी गणपतीच्या आरतीलाही होत नाही. हात वर करा म्हटल्यावर हॉलभर हात. विरोधात? कोपऱ्यातून एक हात, त्यात लाल पेन्सिल.

"नाना, तुमच्याही नळाला पांढरं बसतं ना?" चेअरमननी विचारलं.

"बसतं. त्याला कॅल्शियम म्हणतात. सॉफ्टनर ते काढून घेतो आणि बदल्यात सोडियम देतो. माझ्याकडचे अठ्ठावीसजण मलावीचे आहेत. त्यांना हे बदलून दिलेलं चालणार नाही."

हॉलमध्ये कुणीतरी विचारलं, अठ्ठावीस भाडेकरूंची पोलीस नोंद केलीये का. ठराव अर्थातच मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी नानांनी समितीला अर्ज दिला, सोबत पंपरूमचा हाताने काढलेला नकाशा: चतुःसीमा, उत्तर दिशेचा बाण, प्रमाणपट्टी. मागणी एकच: सॉफ्टनरच्या आधी, बोअरच्या पाइपवर एक नळ. कारण म्हणून लिहिलं होतं, वहिवाटीचा हक्क. नकाशा इतका सुबक होता की प्लंबरने त्यावरूनच काम केलं आणि चेअरमनने त्याची लॅमिनेट केलेली प्रत ऑफिसात लावली. तेव्हापासून रोज दुपारी, लिफ्टला गर्दी नसते तेव्हा, नाना ट्रॉलीवर दोन कॅन घेऊन खाली उतरतात.

नळ सुखाने चालला असता. पण सॉफ्टनरच्या पाण्यावर बागवाल्या मंडळींच्या कुंड्या महिना-दोन महिन्यांत मलूल दिसायला लागल्या. सोडियम मातीत साचतं, हे कुणीतरी कुणालातरी सांगितलं. तुळशीच्या पानांच्या कडा करपल्या, मग तर सगळ्यांना पटलं. नानांच्या नळावर झाऱ्या घेतलेल्या बायकांची रांग लागू लागली. रांग लागली की नंबर आला, नंबर आला की "माझी झारी इथे होती" आलं. परवा दोघींची इतकी जुंपली की सेक्रेटरी धावत नानांना बोलवायला आले. मी लिफ्टमध्येच होतो, बरोबर गेलो.

पंपरूमसमोर दोन झाऱ्या आडव्या, एक बादली नळाला बांधलेली, आणि जिना अडवून आवाज चढलेला.

"नाना, वेळापत्रक लावून द्या," सेक्रेटरी म्हणाले. "कार्ड छापू. प्रत्येकीला दहा मिनिटं."

नानांनी चष्मा वर सरकवून एकेकीकडे नीट पाहिलं. "एकूण किती येतात?"

"पाच."

"कमी आहेत," नाना म्हणाले. "बी विंगमध्ये पण कुंड्या आहेत ना? त्यांनाही कळवा. वीसेक झाल्या की मिटेल आपोआप." मग त्यांनी नळ वरपासून खालपर्यंत न्याहाळला, पाइपच्या कडेला पावलांनी अंतर मोजलं आणि प्लंबरला बाजूला घेऊन आवाज खाली आणला. "हा दोन फूट डावीकडे घे. पण दिवसा नको. रात्री कर, दिवे बंद झाल्यावर."